युरिया, मुळांवरच्या गाठी आणि सूत्रकृमी: नत्र कुणाला मारतं, कुणाला पोसतं

पीक पिवळं पडलं की हात आपोआप युरियाकडे जातो. पानं फिकट, वाढ खुंटलेली, जमिनीत ओल असूनही भर दुपारी झाडांनी माना टाकलेल्या. नत्र कमी पडलं असणार, असं वाटणं साहजिक आहे. युरिया पडतो, चार दिवस जरा हिरवेपणा येतो आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसरा हप्ता, तिसरा हप्ता. या धावपळीत एक झाड काढून त्याचं मूळ बघायचं मात्र राहून जातं.

म्हणून सुरुवात मुळापासूनच करू. झाड ओढून काढायचं नाही. ओढलं की बारीक मुळं जमिनीतच तुटून राहतात, आणि नेमकी तीच बघायची असतात. खुरप्यानं बाजूची माती सैल करायची, झाड मातीच्या ढेकळासकट उचलायचं, पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायचं आणि हलक्या हातानं माती सुटू द्यायची. निरोगी मूळ दोऱ्यासारखं एकसलग असतं. सूत्रकृमी म्हणजे मातीतले धाग्यासारखे सूक्ष्म कृमी. ते लागलेलं मूळ ठिकठिकाणी फुगलेलं दिसतं, दोऱ्यात लहान-मोठे मणी ओवल्यासारखं. जास्त लागण असेल तर बारीक मुळं जवळजवळ नाहीशीच झालेली असतात.

शेंगवर्गीय पिकात इथे हमखास फसगत होते, कारण त्यांच्या मुळांवर चांगल्या गाठीही असतात. हवेतलं नत्र झाडाला मिळवून देणारे रायझोबियम जिवाणू त्या गाठींत राहतात. फरक ओळखायला नख पुरतं. रायझोबियमची गाठ मुळाच्या एका अंगाला चिकटलेली असते, नखानं ढकलली की सुटते आणि फोडली की आत गुलाबी-लालसर दिसते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ती वेगळी गाठ नसतेच, मूळच तिथे फुगलेलं असतं. सोडवायला गेलात तर मूळ तुटतं. एकीतून झाडाला नत्र मिळतं, दुसरीतून झाडाचं नत्र पळवलं जातं.

ही फुगलेली गाठ ब्लेडनं हळूच उभी चिरून भिंगाखाली धरली, तर आत टाचणीच्या डोक्याहूनही लहान, मोत्यासारखा पांढुरका ठिपका दिसतो. ती सूत्रकृमीची मादी. तिच्या मागच्या टोकाला बहुतेक वेळा पिवळसर-तपकिरी चिकट थेंब असतो. त्या थेंबात काहीशे अंडी असतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण 0.4 मिलिमीटर लांबीचं आणि केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढं जाड, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. ते मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरातून सरपटत मुळाच्या कोवळ्या टोकाशी पोचतं, तोंडातल्या सुईनं भोसकत आत शिरतं आणि मुळाच्या मध्यभागी, अन्नपाण्याच्या नळ्यांजवळ, कायमचं ठाण मांडतं. तिथल्या पाच-सात पेशींना ते असं काही बिघडवतं, की त्या विभागल्या न जाता फुगत जातात. एकेका पेशीत अनेक केंद्रकं साठतात. या राक्षसी पेशी म्हणजे मादीचं जन्मभराचं अन्नछत्र. माती 25 ते 28 अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर चारेक आठवड्यांत नवी पिढी तयार होते. शंभर दिवसांच्या पिकात तीन पिढ्या सहज निघतात.

झाडांवर जगणाऱ्या सूत्रकृमींच्या 4,000 हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. सगळ्याच गाठी करत नाहीत. काही मुळात फिरत फिरत जखमा करतात, काहींच्या मादीचं शरीरच वाळून अंड्यांची टणक पिशवी बनतं आणि ती वर्षानुवर्षं जमिनीत टिकते. पण नत्राची गोष्ट समजायला गाठी करणारा सूत्रकृमी सर्वांत सोयीचा, शिवाय तो 2,000 हून अधिक वनस्पतींवर जगू शकतो.

आता पिवळेपणाचं कोडं उलगडतं. अन्नपाण्याच्या नळ्यांच्या मधोमध राक्षसी पेशी फुगल्या की वाहतूक अडते. जमिनीत नत्र असतं, पण मूळ ते उचलून वर पाठवू शकत नाही. जे उचललं जातं, त्यातलाही वाटा अमिनो आम्लांच्या रूपात त्या पेशींकडे वळतो, कारण मादीला अंडी घालायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनांना नत्र. वरून युरिया दिला की झाड थोडं सावरतं, हे खरं आहे. नवी मुळं फुटतात. पण पिल्लांना शिरायला कोवळं टोकच हवं असतं. शत्रू आत असताना दिलेलं नत्र झाडाला टेकू देतं आणि त्याच वेळी सूत्रकृमीचं ताटही वाढतं.

मग नत्र सूत्रकृमींना मारतं, असं जे ऐकू येतं ते खोटं का? नाही, तेही खरं आहे. घोळ होतो तो ‘नत्र’ या एका शब्दामुळे. पोत्यावर नत्राची टक्केवारी एका आकड्यात लिहिलेली असते, पण जमिनीत ते रूपं बदलत राहतं आणि प्रत्येक रूपाचा सूत्रकृमीशी व्यवहार निराळा असतो.

युरियाच्या एका दाण्याचा प्रवास

ओल्या मातीत पडलेला युरियाचा दाणा काही तासांत विरघळतो. युरिया स्वतः सूत्रकृमीला फारसा घातक नाही. मातीतल्या जिवाणूंचं आणि बुरशींचं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याला फोडतं, आणि युरियाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू निघतात. अमोनिया पाण्यात विरघळताना त्यातल्या बऱ्याचशाचं अमोनियम होतं आणि माती अल्कधर्मी होते. दाण्याभोवतीच्या बोटभर जागेत सामू (म्हणजे pH, आम्ल-अल्कपणा मोजायचा आकडा) 9 च्या आसपास जाऊ शकतो, भले बाकीच्या शेताचा सामू 7 असो. काही दिवस तो टापू जळजळीत असतो. मग नायट्रीकरण करणारे जिवाणू अमोनियमचं आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात, सामू खाली येतो, धग निवते.

या प्रवासात मारेकरी ठरतो तो अमोनिया, आणि अमोनियम नव्हे. दोघांची नावं इतकी जवळची की चांगले जाणकारही बोलताना गल्लत करतात, पण सगळी मेख इथेच आहे. अमोनियमवर विद्युतभार असतो. भारित कण सजीवाच्या पेशीच्या पातळ आवरणातून सहजासहजी आत जात नाही. अमोनियाचा रेणू छोटा आणि भारहीन असतो. तो आवरणातून आरपार जातो आणि आत पोचून पेशीचा आम्ल-अल्क समतोल बिघडवतो.

मातीच्या पाण्यात ही दोन्ही रूपं एकत्रच नांदतात. कुणाचा वाटा किती, हे सामू ठरवतो. 25 अंशांना, सामू 7 असताना, दोघांच्या एकूण नत्रात अमोनियाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. सामू 8 झाला की सुमारे 5 टक्के. सामू 9 ला तो 36 टक्क्यांवर जातो. म्हणजे तेच खत, तेवढंच वजन, पण सामू 7 वरून 9 वर गेला की मारक रूप साठ-पासष्ट पटींनी वाढतं. एकाच्या जमिनीत एखाद्या खतानं सूत्रकृमी घटतात आणि दुसऱ्याच्या जमिनीत तेच खत काहीच करत नाही, यामागे अनेकदा हेच कारण असतं. सामू न बघता ‘अमक्या खतानं सूत्रकृमी जातात’ असं सांगणं मला अर्धवट वाटतं, त्यावर विसंबू नये.

गंमत म्हणजे सूत्रकृमी स्वतःही अमोनियाच बाहेर टाकतात. आपल्या लघवीत जसा युरिया असतो, तसा त्यांचा टाकाऊ नत्र बहुतांशी अमोनियाच्या रूपात जातो. थोडा अमोनिया त्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे, एकाच वेळी भरपूर झाला की तो त्यांना सोसत नाही.

किती लागतो?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाचे सूत्रकृमीतज्ज्ञ रॉड्रिगो रॉड्रिगेझ-काबाना यांनी 1986 साली या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा, की जमिनीत थेट सोडलेल्या अमोनिया वायूनं सूत्रकृमी लक्षणीय घटवायला हेक्टरी 150 किलोहून अधिक नत्र लागतं, आणि युरियातून तोच परिणाम साधायला हेक्टरी 300 किलोहून अधिक.

300 किलो नत्र म्हणजे नेमकं किती, हे मांडून बघू. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे हेक्टरी सुमारे 650 किलो युरिया, एकरी 260 किलोच्या पुढे. एवढा युरिया एकदम पडला तर सूत्रकृमींच्या आधी रोपं करपतात, बियाणं उगवत नाही. पिकाला न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं आणि विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही नत्र नायट्रस ऑक्साइड बनून हवेत जातं, आणि तो वायू वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या 270 पटींहून अधिक तापमानवाढ करतो.

हे सगळं सोसूनही काम पुरं होत नाही. मुळाच्या आत बसलेली मादी अमोनियापासून बऱ्यापैकी सुरक्षित असते. नांगरटीच्या थराखालचे सूत्रकृमी वाचतात. आणि मातीतले सगळेच सूत्रकृमी वाईट नसतात, हे तर फार थोड्यांना माहीत असतं. काही जिवाणू खातात, काही बुरशी, काही चक्क इतर सूत्रकृमींची शिकार करतात. यातले शिकारी आणि सर्वभक्षी सूत्रकृमी सावकाश वाढणारे असतात, आणि नत्राच्या तीव्र द्रावणांपुढे तेच सर्वांत नाजूक ठरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. एकदम मोठा मारा केला की पहिला बळी राखणदारांचा जातो. उरलेल्या अंड्यांतून पुढची पिढी निघते तेव्हा रान मोकळं असतं. म्हणून नुसत्या युरियाच्या जोरावर सूत्रकृमी मारायचा बेत मला मुळीच पटत नाही.

जिवाणू खाणाऱ्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जिवाणूंच्या अंगात कर्बाच्या मानानं नत्र जास्त असतं. ते खाणाऱ्या सूत्रकृमीला तेवढं नत्र लागत नाही, म्हणून उरलेलं तो अमोनियाच्या रूपात मातीत सोडतो, आणि ते मुळांना मिळतं. म्हणजे एक सूत्रकृमी पिकाचं नत्र चोरतो आणि त्याच चमचाभर मातीत दुसरा पिकाला नत्र मोकळं करून देतो.

पेंड वेगळी का वागते

त्याच आढाव्यात सेंद्रिय खतांबद्दल फार उपयोगाची गोष्ट आहे. खतात प्रथिनांच्या रूपातलं नत्र जितकं जास्त, तितका सूत्रकृमींवरचा परिणाम जास्त. तेलबियांच्या पेंडी आणि जनावरांची विष्ठा, ज्यांत 2 ते 7 टक्के नत्र असतं, हेक्टरी 4 ते 10 टन वापरल्यावर परिणामकारक ठरतात.

कारण सरळ आहे. पेंडीतली प्रथिनं कुजताना अमोनिया सुटतो, पण एका दमात नाही. सोबत कर्बही असतो, तो खाऊन सूक्ष्मजीव वाढतात आणि जादा नत्र स्वतःच्या अंगात साठवून घेतात. मुळांना चटका कमी बसतो आणि धग थोडी थोडी करून टिकते. युरियाबरोबर कर्बाचा पुरवठा करावा, म्हणजे पीक करपत नाही, हा सल्लाही यातूनच आला.

इथे कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे खतात नत्राच्या किती पट कर्ब आहे तो आकडा, कामाला येतं. ते साधारण 12 ते 20 च्या दरम्यान असलेली खतं सूत्रकृमींना जाचतात आणि पिकाला फारशी जाळत नाहीत. त्याहून खूप खाली गेलात तर अमोनियाचा भडका उडतो. गव्हाच्या काडासारखं, 80 च्या आसपास गुणोत्तराचं काही टाकलंत तर अमोनिया सुटतच नाही, उलट सूक्ष्मजीव जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक आणखी पिवळं पडतं. ताजं कोंबडीखत आणि पूर्ण कुजलेलं शेणखत यांतही असाच फरक आहे. कुजलेल्या शेणखतातला अमोनिया केव्हाच निघून गेलेला असतो. ते जमिनीचा पोत सुधारतं, सूक्ष्मजीवांना आधार देतं, झाडाला सोसायची ताकद देतं. पण त्यापासून अमोनियाच्या माऱ्याची अपेक्षा ठेवू नये.

निंबोळी पेंड याहून एक पायरी पुढे जाते. तिच्यात नत्र आहेच, शिवाय सूत्रकृमींना जाचणारी कडू द्रव्यं आहेत, आणि ती नायट्रीकरण मंदावते, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट व्हायला वेळ लागतो. मारक रूपाची मुदत त्यामुळे लांबते.

खेकडे-कोळंबीच्या कवचांची भुकटी हा आणखी एक प्रकार. त्या कवचात कायटिन असतं आणि कायटिनच्या वजनात जवळपास 7 टक्के नत्र. ते कुजताना अमोनिया सुटतो. पण खरी मजा पुढे आहे. कायटिन खाणारे जिवाणू आणि बुरशी जमिनीत फोफावतात, आणि सूत्रकृमीच्या अंड्याच्या कवचातही कायटिनच असतं. एका खाद्याची चटक लागलेली फौज मग अंड्यांवरही तुटून पडते.

अमोनियाची हाक ऐकणारी बुरशी

मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती आर्थ्रोबोट्रिस नावाची बुरशी. एरवी ती कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर निमूट जगते. पण नत्राची चणचण असली आणि आसपास सूत्रकृमी असले की तिच्या धाग्यांवर चिकट वेटोळी तयार होतात, वेटोळ्यांचं जाळं बनतं. सूत्रकृमी सरपटत येतो, अंगाचा एखादा भाग जाळ्याला चिकटतो, तो जितका वळवळतो तितका अडकत जातो. मग बुरशीचा धागा त्याच्या कातडीतून आत शिरतो आणि आतून त्याला खाऊन टाकतो. हा शिकारीचा प्रकार 1888 पासून नोंदलेला आहे. तिच्या भाऊबंदांपैकी काहींच्या जाळ्यात तर फासासारख्या कड्या असतात. सूत्रकृमी कडीतून जायला लागला की कडीच्या पेशी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात फुगून त्याला आवळतात.

यात नत्र कुठे आलं? चीनमधल्या संशोधकांनी 2014 साली दाखवलं, की सूत्रकृमी ज्यांना खातात ते काही जिवाणू मातीत युरिया सोडतात. बुरशी तो युरिया शोषून त्याचा अमोनिया करते, आणि तो अमोनियाच तिच्यासाठी जाळी विणण्याचा इशारा ठरतो. जिवाणू खाणारा मारला जातो, बुरशीला नत्र मिळतं. शेतभर पसरला की जाळणारा तोच अमोनिया इथे अगदी कणभर असतो, आणि निरोप्याचं काम करतो.

वास, चव आणि दिशा

सूत्रकृमीला डोळे नाहीत. मूळ कुठे आहे हे तो मातीच्या पाण्यातल्या रसायनांवरून ओळखतो, आणि त्यांत नत्राची संयुगंही आहेत. अमोनियम आणि नायट्रेटच्या काही क्षारांपासून गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची पिल्लं दूर पळतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उलट पुट्रेसिन आणि कॅडाव्हेरिन या नत्रयुक्त संयुगांकडे ती ओढली जातात. शेतात मात्र खताचं पाणी पसरतं, झिरपतं, मूळ स्वतः नत्र उचलतं, त्यामुळे क्षारांची भिंत फार टिकत नाही. ही माहिती आज लगेच खतनियोजनात उतरवता येण्याजोगी नाही.

कॅल्शियम सायनामाइड हे जुनं खत इथे आठवतं. ओल्या मातीत त्यातून सायनामाइड सुटतं, ते विषारी असतं, आणि नंतर त्याचाच युरिया आणि पुढे अमोनियम होतं. आधी औषध, मग खत. पण विष पिकालाही लागतं, म्हणून ते लागवडीच्या पुरेसं आधी मातीत मिसळावं लागतं.

मूळ शाबूत ठेवायचं तर

वेळ चुकली की यातलं काहीच लागू पडत नाही. उभ्या पिकात, मुळावर गाठी दिसल्यावर, नत्राच्या जोरावर सूत्रकृमी हटवणं शक्य नाही. त्या टप्प्यावर खत हप्त्याहप्त्यानं, बेताचं द्यावं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या मुळांना ते उचलता येईल. अमोनियाचं काम व्हायचं असेल तर ते दोन पिकांच्या मधल्या काळात. पीक निघाल्यावर गाठीची मुळं वेचून बाहेर काढावीत, कारण अंडी तिथेच असतात. पेंड किंवा ताजं खत पसरून लगेच मातीआड करावं. वर पडून राहिलं तर अमोनिया हवेत जातो, आणि नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे आपलंच नत्र उडून चाललेलं असतं. हलकं पाणी द्यावं आणि लागवडीआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. जोडीला सूत्रकृमीला दाद न देणारं वाण किंवा त्याला खाद्य न होणारं फेरपालटाचं पीक असेल, तर फरक खरोखर दिसतो. नुसत्या नत्रावर नाही.

आणि हे सगळं करण्याआधी सूत्रकृमींची तपासणी करून घ्यावी. खतासाठी देतो तसा वाळवलेला, चाळलेला मातीचा नमुना इथे चालत नाही, कारण प्रयोगशाळेत जिवंत सूत्रकृमी पाण्यात उतरवून मोजायचे असतात. पीक उभं असताना, पिवळ्या झाडांच्या मुळांजवळून, 15-20 सेंटिमीटर खोलीवरून, आठ-दहा ठिकाणची ओली माती घ्यावी. पार मेलेल्या झाडाखाली खणू नये, खायला काही उरलं नाही की तिथले सूत्रकृमीही कमी होतात. सोबत मूठभर बारीक मुळं ठेवावीत. पिशवीचं तोंड बांधून ती सावलीत ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवावी. बंद गाडीत उन्हात तासभर राहिली तर आतले सूत्रकृमी मरतात, आणि अहवालात जमीन स्वच्छ असल्याचं येतं.